अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष: रांगेत कोण उभं राहणार, हे कोण ठरवतं?

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत चेरी हिलला राहते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दादा, टीव्ही लावायची सोय राहिली नाही रे." बातम्या लावा नाहीतर फुटबॉल लावा, मध्ये खंड पडला की एक जाहिरात हॅरिस यांची, एक ट्रम्प यांची, मग पुन्हा हॅरिस यांची. टपालपेटीत मात्र अध्यक्षपदाच्या प्रचाराचं एकही पत्रक नाही. हे कोडं तिला सुटत नव्हतं, कारण न्यू जर्सी १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलंय. तिथे पैसा ओतण्यात कोणालाच काही मिळायचं नसतं.

उत्तर नकाशात आहे. चेरी हिलला दिसणारे टीव्ही चॅनेल फिलाडेल्फियाचे. मधली डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागतं, आणि त्या वर्षी दोन्ही पक्षांनी सगळ्यात जास्त जोर लावला तो तिथेच. त्या जाहिराती नदीपलीकडच्या मतदारांसाठी होत्या. पत्रकं पत्ता बघून जातात, टीव्ही पत्ता विचारत नाही. शेजारच्या रानाला सोडलेलं पाणी आपल्या बांधातून झिरपावं, तसा तो प्रचार माझ्या बहिणीच्या दिवाणखान्यात येत होता.

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक देशभर एकच अशी होत नाही, राज्याराज्यात वेगळी होते. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक 'इलेक्टोरल मतं' असतात आणि अध्यक्ष त्या मतांवर ठरतो. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर ज्या राज्यात ज्याला एका मताचीही आघाडी मिळते त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. पेनसिल्व्हेनियाची १९. म्हणून जिथला निकाल आधीच माहीत आहे ती राज्यं उमेदवार वाऱ्यावर सोडतात आणि सगळा जोर काठावरच्या सात-आठ राज्यांवर लावतात. २०२४ मध्ये अशी सात राज्यं होती. ट्रम्प यांनी सातही जिंकली.

बहिणीने एकदा विचारलं, "पण एवढं बघून कोणी मत बदलतं का रे?" मी तेव्हा घाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आता ७ नोव्हेंबर २०२८ च्या निवडणुकीची हवा तापायला लागली आहे, तेव्हा नीट उत्तर देतो.

नोव्हेंबरमध्ये जवळजवळ कोणीच बदलत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. १९४० साली पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत गेले. रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी ती लढत होती. त्याच त्या लोकांना महिन्यामागून महिने भेटून त्यांचं मत कसं हलतं, हे त्यांनी नोंदवलं. रेडिओ नवा होता, वर्तमानपत्रं घरोघरी जात होती. त्यामुळे माणसं इकडची तिकडे होताना दिसतील अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे गेलेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीच ठरलेलं होतं, प्रचाराने ते फक्त घट्ट झालं. ज्यांचं डळमळलं, त्यांच्यावर रेडिओपेक्षा घरच्यांच्या आणि सोबत काम करणाऱ्यांच्या शब्दाचा परिणाम जास्त होता. पुढे २०१८ मध्ये जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन या दोन अभ्यासकांनी प्रचाराच्या परिणामांवरचे डझनावारी प्रयोग एकत्र तपासले. पक्षाविरुद्ध पक्ष अशा अंतिम लढतीत जाहिराती, फोन, दारोदार फिरणं यांनी मत फिरण्याचं सरासरी प्रमाण शून्याच्या आसपास आलं.

त्याच अभ्यासात एक अपवाद मात्र ठळकपणे दिसतो. पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, परिणाम होतो आणि चांगला होतो. माध्यमांची सगळी ताकद तिथे आहे. आपण मात्र निवडणूक बघायला बसतो ती शेवटच्या दोन महिन्यांत, जेव्हा खेळ बराचसा होऊन गेलेला असतो.

प्रायमरीत असं का होतं, हे समजायला सोपं आहे. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष असतो. ज्याचं घर तीन पिढ्या रिपब्लिकन आहे, त्याला उमेदवाराबद्दल दुसरं काही माहीत नसलं तरी चालतं. प्रायमरीत सगळेच एका पक्षाचे. दहा-बारा नावं, त्यातली आठ कधी ऐकलेलीही नाहीत, आणि धोरणं जवळपास सारखी. अशा वेळी मतदार एकच गोष्ट शोधतो: यातला निवडून येण्यासारखा कोण? ते तो स्वतः ठरवू शकत नाही. ते त्याला बातम्यांमधून कळतं.

त्यातच प्रायमरी सगळीकडे एका दिवशी होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एक राज्य, मग दुसरं, मग तिसरं, अशी ती जूनपर्यंत चालते. पहिल्या राज्यात काय झालं याची बातमी दुसऱ्या राज्यातला मतदार वाचतो आणि मग मत द्यायला जातो. त्यामुळे पहिल्या राज्यातल्या मतांइतकीच त्या मतांची बातमी महत्त्वाची ठरते. पुष्कळदा मतांपेक्षा जास्त.

१९७६ चं आयोवा बघा. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर तेव्हा देशाला अनोळखी होते. आयोवात गावागावांत सभा भरतात, शेजारीपाजारी जमतात आणि तिथेच आपला कौल देतात, त्याला कॉकस म्हणतात. कार्टर अनेक महिने तिथे लोकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलत फिरले. निकाल लागला तेव्हा पहिला नंबर कोणाचा होता? कोणाचाच नाही. सुमारे ३७ टक्के लोकांनी 'अजून ठरलेलं नाही' असा कौल दिला होता. कार्टर २८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुसरे. पण माणसांमध्ये ते पहिले होते, आणि बातमीला माणूस लागतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावाची चर्चा सुरू झाली, वर्षभरात ते अध्यक्ष झाले.

याहून विचित्र वाटावं असं उदाहरण १९६८ चं. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत सत्तेवरच्या लिंडन जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मतं मिळाली, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थींना ४२. जॉन्सन जिंकले. मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलंही नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहिलं होतं. तरी सगळीकडे अर्थ लावला गेला तो जॉन्सन यांच्या नामुष्कीचा, कारण मॅकार्थींना एवढी मतं पडतील असं कोणाला वाटलं नव्हतं. चार दिवसांत रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले आणि महिना संपायच्या आत जॉन्सन यांनी टीव्हीवरून माघार जाहीर केली. चार वर्षांनी एडमंड मस्की यांनी तिथेच ४६ टक्के मतं घेऊन पहिला नंबर मिळवला, पण ते शेजारच्या मेनचे, म्हणून त्यांनी पन्नास टक्के तरी घ्यायला हवे होते, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं? वार्ताहरांनी आणि पक्षातल्या जाणत्यांनी, आपापसात बोलून. मस्कींचा प्रचार तिथून उतरणीला लागला. १९९२ मध्ये त्याच राज्यात दुसरे आलेले बिल क्लिंटन मात्र त्या रात्री विजयी वीरासारखे बोलले आणि तशीच बातमी झाली. प्रत्यक्षात जिंकलेले पॉल त्सोंगास आज कोणाला आठवतात?

मला या सगळ्यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माध्यमं परीक्षा घेत नाहीत, पण पास व्हायला किती मार्क लागतील हे तीच सांगतात. आणि ते प्रत्येकाला वेगळं सांगतात.

आता एक प्रसंग जवळून बघू, कारण त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त पसरली आहे. १९ जानेवारी २००४, आयोवातलं वेस्ट डे मॉइन. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून दाखवल्या होत्या आणि २००३ च्या अखेरीस ते आघाडीवर समजले जात होते. त्या रात्री ते तिसरे आले. समोर हजारो तरुण कार्यकर्ते, बरेचसे दूरच्या राज्यांतून येऊन थंडीत राबलेले. त्यांना धीर द्यायला डीन बाह्या सरसावून मंचावर आले आणि पुढे कुठे कुठे जायचं ती राज्यांची नावं ओरडून घ्यायला लागले. न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना, ओक्लाहोमा, अ‍ॅरिझोना... आणि शेवटी, व्हाइट हाउस परत घ्यायचं म्हणत, एक आरोळी ठोकली.

सभागृहात इतका कल्लोळ होता की त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. प्रेक्षकांमधून घेतलेल्या चित्रफितीत ते स्पष्ट कळतं. पण त्यांच्या हातातला माइक आजूबाजूचा गोंगाट गाळून फक्त तोंडासमोरचा आवाज पकडणारा होता, आणि चॅनेलांना थेट त्याच माइकचा आवाज मिळत होता. घरी बसलेल्यांना गर्दी ऐकू आली नाही. त्यांना दिसला लालबुंद चेहऱ्याने एकटाच किंचाळणारा माणूस. पुढच्या चार दिवसांत ती चित्रफीत राष्ट्रीय चॅनेलांवर सहाशेहून जास्त वेळा दाखवली गेली.

त्या आरोळीने डीन हरले, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आयोवा ते आरोळीच्या आधीच हरले होते, १८ टक्क्यांवर अडकून. आरोळीमुळे गेली ती सावरण्याची संधी. क्लिंटन यांना पहिल्या तडाख्यानंतर 'पुन्हा उभा राहिला' अशी बातमी मिळाली, डीन यांना ती मिळूच शकली नाही, कारण त्या आठवड्यात त्यांच्याबद्दल दुसरं काही दाखवलंच जात नव्हतं.

म्हणजे चॅनेलवर दिसत राहणं वाईटच? तसंही नाही, आणि इथे २०१६ समजून घ्यावं लागतं. रिपब्लिकन पक्षात सतरा उमेदवार होते. ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलंडला पहिला वादविवाद झाला, तेव्हा फॉक्स न्यूजने जनमत चाचण्यांमधले वरचे दहा मुख्य मंचावर घेतले आणि बाकीच्यांना संध्याकाळच्या एका दुय्यम कार्यक्रमात ढकललं. चाचणीत वर असाल तर मंच, मंच मिळाला तर बातमी, बातमी झाली तर पुढच्या चाचणीत आणखी वर. या रहाटात एकदा बसलेला माणूस वरच जात राहतो, आणि बाहेर राहिलेल्याला आत शिरायला जागा नसते. ट्रम्प यांना दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमामुळे देश ओळखत होता, त्यामुळे रिंगणात उतरल्यावर महिनाभरातच ते चाचण्यांत वर आले. मार्च २०१६ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने छापलेल्या हिशोबानुसार ट्रम्प यांनी तोवर जाहिरातींवर सुमारे १ कोटी डॉलर खर्चले होते आणि त्यांना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत सुमारे १९० कोटी डॉलर होती. जेब बुश यांच्या बाजूने जाहिरातींवर ८ कोटींहून जास्त खर्च झाला, फुकट प्रसिद्धी मिळाली २१ कोटींची. बुश साउथ कॅरोलायनातच गळाले. सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस उघडपणे म्हणाले होते की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेल कदाचित, पण सीबीएससाठी फार चांगलं आहे. चॅनेलची कमाई प्रेक्षकांवर, प्रेक्षक कोणाला बघायला थांबतात हे चॅनेलला मिनिटामिनिटाला कळतं. पक्षपातापेक्षा हे गणित जास्त परिणाम करतं, असं माझं मत झालं आहे.

विकत घेतलेल्या जाहिरातीला मात्र मर्यादा फार लवकर येते. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये चार महिन्यांच्या आत स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर ओतले आणि जिंकलं ते एकटं अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधला छोटासा बेटसमूह. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आहेत. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवायला त्यांनी स्वतःचे १ कोटीहून जास्त डॉलर घातले. टीव्हीवर ते सारखे दिसत होते, सुरुवातीच्या काही चाचण्यांत आघाडीवरही होते. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा ते तिसरे आले. जाहिरातीने नाव कळलं, पण इतर उमेदवारही जाहिराती घेऊन उतरले, तशी ती आघाडी विरली. पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले.

आणि माध्यमांचा अंदाज साफ चुकतो तेव्हा? २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. बहुतेकांनी त्यांचा विषय संपवला होता. पण साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, आणि तिथले खासदार जिम क्लायबर्न यांच्या शब्दाला मोठं वजन. क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी पाठिंबा जाहीर केला, बायडन मोठ्या फरकाने जिंकले, दोन दिवसांत दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या बाजूला आले. त्या पुढच्या मंगळवारी त्यांनी अशी राज्यंही जिंकली जिथे त्यांचा प्रचार नावापुरताच होता. लाझार्सफेल्ड यांना एरी काउंटीत दिसलं होतं ते हेच: ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचा शब्द.

बायडन यांच्याच बाबतीत २७ जून २०२४ चा अटलांटातला वादविवाद आठवतो. सुमारे पाच कोटी लोकांनी तो पाहिला. वाक्यं अर्धवट सुटत होती, चेहरा गोंधळलेला. त्यानंतर चाचण्या दोन-तीन टक्क्यांनीच हलल्या, कारण मतदार आपापल्या बाजूला घट्ट होते. हलले ते पक्षाचे नेते आणि देणगीदार, आणि २१ जुलैला बायडन बाजूला झाले. सप्टेंबरमध्ये हॅरिस यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध वादविवाद चांगला केला, पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तसं सांगितलंही, आणि नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. संपादकीयांचंही तेच. २०१६ मध्ये लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नलसारखे एखाददुसरे अपवाद सोडले तर कोणत्याही मोठ्या वर्तमानपत्राने ट्रम्प यांना पाठिंबा दिला नव्हता, तरी ते जिंकले.

मग वर्षानुवर्षं एकच चॅनेल बघण्याचा काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण हळूहळू. फॉक्स न्यूज १९९६ मध्ये सुरू झालं आणि केबल कंपन्यांनी ते काही गावांत आधी दिलं, काही गावांत नंतर. स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन यांनी दोन्ही प्रकारच्या गावांची तुलना केली. जिथे चॅनेल पोचलं होतं, तिथे २००० सालापर्यंत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के वाढली होती. हा आकडा किरकोळ वाटेल, पण २००० ची निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर ठरली.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली, त्यातली बहुतेक छोट्या गावांची साप्ताहिकं. गावातली शाळा, रस्ता, नगराध्यक्ष यांच्या बातम्या देणारं कोणी उरलं नाही की माणूस प्रत्येक निवडणूक वॉशिंग्टनच्या भांडणाच्या चष्म्यातून बघायला लागतो. ती जागा आता पॉडकास्ट आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींनी घेतली आहे. ट्रम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये जो रोगन यांच्या लोकप्रिय पॉडकास्टवर जवळजवळ तीन तास बोलले. बातम्या न बघणारा तरुण तिथे भेटतो, आणि उलटतपासणी फारशी होत नाही. हॅरिस यांच्या पराभवानंतर डेमोक्रॅटिक नेतेही तिकडे वळले. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी मार्च २०२५ मध्ये स्वतःचंच पॉडकास्ट सुरू केलं, बायडन यांच्या सरकारातले माजी वाहतूकमंत्री पीट बुटीजेज आपल्या मतांच्या नसलेल्या श्रोत्यांपुढे तासन् तास बसले.

२०२८ कडे बघताना हे सगळं हाताशी ठेवायला हवं. राज्यघटनेच्या २२ व्या दुरुस्तीमुळे ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत. म्हणजे दोन्ही पक्षांत मैदान मोकळं, प्रायमरीला महत्त्व जास्त, आणि माध्यमांना वावही जास्त. रिपब्लिकनांत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं नाव पहिलं घेतलं जातं. पण पदावर असताना थेट अध्यक्ष म्हणून निवडून आलेला उपाध्यक्ष १८३६ च्या मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्यानंतर एकच, १९८८ चे थोरले बुश. १९६० चे निक्सन, मग हम्फ्री, गोर, हॅरिस सगळे पडले. डेमोक्रॅटांमध्ये न्यूसम, बुटीजेज, पेनसिल्व्हेनियाचे जॉश शापिरो, इलिनॉयचे जे. बी. प्रिट्झकर अशी बरीच नावं आहेत. इतक्या आधीच्या चाचण्यांत कोण पुढे आहे यावर मी वेळ घालवत नाही. त्या चाचण्या ओळख मोजतात. २००७ मध्ये वर्षभर रिपब्लिकनांत रुडी जुलियानी पुढे होते, प्रत्यक्ष मतदानात त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही. मी लक्ष ठेवून आहे ते कोणतं राज्य पहिलं मतदान करणार यावर. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ साठी आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला होता. पहिलं राज्य बदललं की पहिली बातमी बदलते, आणि पुढची रांगही.

माझ्या बहिणीचा नंबर त्या रांगेत फार शेवटी लागतो. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये असते. २०२४ मध्ये ती ४ जूनला मत देऊन आली, तेव्हा बायडन यांची उमेदवारी पक्की होऊन जवळपास तीन महिने झाले होते. सात आठवड्यांनी बायडनही शर्यतीत नव्हते. ऑक्टोबरमध्ये तिच्या टीव्हीवर दर दहा मिनिटांनी हॅरिस आणि ट्रम्प येत होते, तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "यातलं माझ्यासाठी काहीच नाही ना रे, दादा?" मी म्हटलं, "नाही. ते नदीपलीकडच्यांसाठी आहे."